दोन कवट्या

लाल पेन्सिल तिने वाक्याच्या पहिल्या अक्षरावर टेकवली आणि पूर्णविरामापर्यंत एका दमात ओढत नेली. रेघ सरळ आली, पण कागद मधेच एका जागी फाटला. पंधरा वर्षं ती या छापखान्यात मुद्रितं तपासत होती. तिच्या हातून कागद फाटल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं.

समोरच्या टेबलावर मालक चष्मा कपाळावर चढवून बसले होते. त्यांना लांबचं छान दिसायचं आणि जवळचं सोयीनुसार.

"ताई, कारण लिहिलं नाहीत."

"कशाचं?"

"आत्ता कापलंत त्याचं. समास कोरा आहे, इथून दिसतोय मला."

नियम तिनेच लावलेला होता. शुद्धलेखनाची चूक असेल तर नुसती खूण चालेल. पण लेखकाचा मजकूर कापायचा असेल, तर शेजारी कारण लिहायचं आणि ते कुठे पडताळलं त्या पुस्तकाचं नाव आणि पान. कापलेलं परत ठेवायचा अधिकार फक्त लेखकाचा. त्याने निळ्या पेन्सिलीने ओळीखाली टिंबं द्यायची, 'राहू द्यावे' असं लिहायचं आणि पूर्ण नाव व तारीख घालायची. या नियमाला कंटाळून दोन लेखक दुसऱ्या छापखान्यात गेले होते. त्यांतला एक परत आला होता.

"हे चूक आहे, मला माहीत आहे," ती म्हणाली.

"माहीत तर मलाही पुष्कळ असतं. पण घरी गेलो की बायको पुरावा मागते."

ती हसली नाही. मालकांनी चष्मा नाकावर उतरवला, तिच्याकडे नीट पाहिलं आणि पुन्हा वर चढवला. त्यांचं विनोदाचं खातं बहुतेक वेळा असंच एकतर्फी चालायचं.

कापलेलं वाक्य होतं, 'हायडनच्या थडग्यात आज दोन कवट्या आहेत.' ते तिच्या वडिलांनी लिहिलं होतं.

वाद्यवृंदाचा कार्यक्रम सुरू होण्याआधी सभागृहाच्या दारात श्रोत्यांच्या हातात एक पुस्तिका पडते. आज काय वाजणार, ते कुणी रचलं, रचणारा माणूस कसा होता, हे तिच्यात लिहिलेलं असतं. बहुतेक जण तिने वारा घेतात. ही टिपणं तिच्या वडिलांनी एकतीस वर्षं लिहिली. दिवसा ते शाळेत इतिहास शिकवत आणि उरलेल्या वेळात टिपणकार असत. गावभर त्यांना टिपणकार म्हणूनच ओळखत. टिपणाखाली सहीसुद्धा तेवढीच. आता सभागृहाने एकूण दोनशे चौदा टिपणांचं पुस्तक काढायचं ठरवलं होतं, पुढल्या महिन्यात मंचावर बोलावून त्यांना शाल घालायचं ठरवलं होतं, आणि जुन्या पुस्तिकांची बांधलेली फाइल नेमकी याच छापखान्यात पाठवली होती.

एकसष्टाव्या टिपणाशी ती सकाळी पोहोचली. पान चार, ओळ नऊ. वाक्य वाचलं आणि तिने हात टेबलावर सपाट ठेवले. म्हणजे ते होतं. तिने ते स्वप्नात पाहिलेलं नव्हतं. चोवीस वर्षं तिची समजूत होती की असं वाक्य कुठे छापलेलंच नव्हतं.

त्या वेळी ती चौदा वर्षांची होती. सभागृहात दर वर्षी मुलांसाठी संगीताची प्रश्नमंजूषा होत असे. पहिल्या येणाऱ्याला सभागृहाच्या वर्गात चेलो शिकायची एक जागा मिळायची, एकच. घरी जेवणाच्या टेबलावर बाप-लेकीचा रोज सामना रंगायचा. ऑर्गन ऐकायला चारशे किलोमीटर चालत कोण गेला? बाख. ताल देताना काठी स्वतःच्या पायावर मारून घेऊन त्यातच कोण मेला? ल्युली. द्वंद्वात कोटाच्या बटणामुळे कोण वाचला? हँडल. प्रत्येक उत्तरावर वडील म्हणत, "पुरावा काय?" आणि तिने पुस्तिकेचा अंक आणि पान सांगायचं. आई वाढता वाढता म्हणायची, "झाले का तुमचे मुडदे मोजून? ताटं उचला." आईला संगीतात गम्य नाही, हे घरात पंख्याच्या बटणाइतकं सगळ्यांना पाठ होतं. ती सभागृहातच कामाला होती, पण दाराबाहेर, श्रोत्यांचे कोट आणि छत्र्या सांभाळायच्या खिडकीवर.

अंतिम फेरीत ती एका गुणाने पुढे होती. शेवटचा डाव असा असायचा की स्पर्धकाने स्वतःच्या मनाने एखाद्या संगीतकाराबद्दल एक माहिती सांगायची. खरी ठरली तर दोन गुण मिळणार, खोटी ठरली तर दोन कापणार. परीक्षक म्हणजे सभागृहाचे चिटणीस; त्यांच्याइतका काटेकोर माणूस त्या इमारतीत दुसरा नव्हता. ती म्हणाली, "हायडनच्या थडग्यात आज दोन कवट्या आहेत."

आधी मागच्या रांगेतलं कुणीतरी हसलं. मग सगळं सभागृह हसलं. हसू ओसरल्यावर चिटणीस म्हणाले, "खोटं."

"टिपणात आहे," ती म्हणाली. "आपल्याच पुस्तिकेत. माझ्या बाबांनी लिहिलंय."

चिटणिसांनी तिसऱ्या रांगेकडे पाहिलं. "टिपणकार, आपण लिहिलंय का असं? लिहिलं असेल तर पुस्तिका मागवतो. कपाट इथे मागेच आहे."

तिच्या वडिलांनी बसल्या जागेवरून उत्तर दिलं. उठलेसुद्धा नाहीत.

"मला आठवत नाही," ते म्हणाले.

एका गुणाने ती दुसरी आली. चेलो एका दंतवैद्याच्या मुलाला मिळाला आणि त्याने तो दीड वर्षात सोडला. तिला मिळालेली गोष्ट जास्त टिकली. शाळा संपेपर्यंत सगळे तिला दोनकवटी म्हणत. घरी येऊन तिने पुस्तिकांची चळत तीनदा चाळली; एकसष्टावी तिच्यात नव्हती. वडील म्हणाले, "पुरावा हाताशी ठेवून बोलावं माणसाने." ते त्यांनी चिडून म्हटलं नव्हतं, पडत्या आवाजात म्हटलं होतं, पण चौदाव्या वर्षी आवाजाचं कोण ऐकतं. तेव्हापासून तिने एकही गोष्ट पडताळल्याशिवाय तोंडातून काढली नाही. त्याचाच पुढे पगार मिळू लागला.

आणि आज कळत होतं की त्यांनी ते लिहिलं होतं, आणि ते विसरले होते. तिला पहिल्यांदा वाटलं ते एवढंच. चुकीचं काहीतरी लिहून गेले बिचारे, आता मंचावर शाल घेताना कुणी बोट ठेवायला नको. म्हणून तिने घाईघाईने रेघ मारली होती.

"दुपारी लिहिते कारण," तिने मालकांना सांगितलं. "सभागृहाच्या वाचनालयात जाऊन येते."

"सावकाश. हायडन कुठे जात नाही."

वाचनालय तळमजल्यावर होतं. संगीतकोशाचे अकरा खंड दरवाजाजवळच लागलेले होते. हायडन ज्यात होता त्या चौथ्या खंडाला तिने इतक्या वर्षांत हात लावला नव्हता. उभ्याउभ्याच तो उघडला. ती शोधत होती एक वाक्य, ज्यात 'दंतकथा' किंवा 'निराधार' असा शब्द असेल. ते समासात उतरवायचं आणि परत फिरायचं.

हायडन १८०९ साली गेला. पुरल्यानंतर काही दिवसांतच कवटीवरून बुद्धी मोजण्याचा नाद असलेल्या दोघांनी कबर खोदणाऱ्याला पैसे चारून त्याचं डोकं चोरलं. अकरा वर्षांनी शवपेटी उघडली तेव्हा आत धड होतं आणि डोक्याच्या जागी नुसता केसांचा टोप. हायडन ज्याच्या घराण्याच्या पदरी होता त्या सरदाराने डोकं परत मागितलं. चोरांनी दुसऱ्याच कुणाची तरी कवटी देऊन त्याची बोळवण केली. खरी कवटी हातोहाती फिरत राहिली आणि १९५४ साली धडाला जाऊन मिळाली. आधी ठेवलेली दुसरी मात्र कुणी बाहेर काढली नाही. थडग्यात आज दोन कवट्या आहेत.

तिने परिच्छेद पहिल्यापासून पुन्हा वाचला. मग खंड मिटून पाठीवरचं नाव पाहिलं, जणू भलताच कोश हाती आला असावा. मग पुन्हा उघडला. वाचनालयाच्या बाई टेबलावरून म्हणाल्या, "बसून वाचा ना." ती बसली नाही. तिने शेजारच्या कपाटातून हायडनचं जाडजूड चरित्र काढलं, त्याची सूची पाहिली. तिथेही दोनच होत्या.

खाली ठेवलेली बॅग उचलायला ती वाकली तेव्हा तिच्या लक्षात आलं की हातात पेन्सिल आहे आणि तिचं टोक मोडलेलं आहे.

ती खोटं बोलली नव्हती, हे आता नक्की झालं. पण तिचा हिशेबी मेंदू तेवढ्यावर थांबेना. वाक्य खरं होतं. टिपणात छापलेलं होतं. कपाट पाच पावलांवर होतं. मग पुस्तिका मागवा, एवढं म्हणायला माणसाला काय अडचण होती? तिने एकसष्टावं टिपण बॅगेतून काढलं आणि पहिल्या शब्दापासून वाचायला बसली, या खेपेला बापाचं म्हणून नव्हे, लेखकाचं म्हणून. पान दोनवर लिहिलं होतं की वादन सुरू होण्यापूर्वी हायडन प्रत्येक वादकाच्या हातावर एक लवंग ठेवत असे, मधेच कुणाला खोकला येऊ नये म्हणून. छान वाक्य होतं, लवंगेसारखंच छोटं. कोशात ते नव्हतं, आणि चरित्रातही नव्हतं. हायडनच्या पत्रांच्या संग्रहातसुद्धा लवंग कुठे नव्हती.

तिने साठावं टिपण काढलं.

पुढचे एकोणीस दिवस तिने दुसरं काही केलं नाही. प्रत्येक टिपणात एक गोष्ट खोटी होती. एकच, दोन नाहीत की एकही नाही असं नाही. बाकीचं सगळं कोशाबरहुकूम. आणि गंमत अशी की जे खरं होतं ते थापेसारखं वाटायचं आणि थाप होती ती अगदी साधी, सभ्य, कुणीही पटकन मान डोलवावी अशी. बाखला भुंग्याचा आवाज सहन होत नसे, असं एके ठिकाणी होतं. हँडल पत्रांवर नेहमी हिरवी शाई वापरी, असं एके ठिकाणी. कुणी पुरावा मागितला नसता. इतिहासाच्या मास्तरांनी एकतीस वर्षं लोकांच्या हातात एकेक लवंग ठेवली होती आणि कुणी खोकलंही नव्हतं.

तिने शुद्धिपत्र करायला घेतलं. चुकांची यादी, पुस्तकाच्या शेवटी छापतात तशी. टिपणाचा क्रमांक, पान, ओळ, आणि पुढे तीन शब्द. यादी नऊ पानं झाली. फक्त शेवटच्या, दोनशे चौदाव्या टिपणात तिला काही सापडलं नाही. तिने ते तीनदा तपासलं.

"ताई, पुस्तकाचं काय करायचं?" मालकांनी विसाव्या दिवशी विचारलं. त्यांनी चष्मा खाली घेतला होता. "परवा यंत्रावर चढवायचं आहे. लेखक तुमचे वडील आहेत हे मला ठाऊक आहे. तुम्ही म्हणाल तर मी ही नऊ पानं पाहिलीच नाहीत."

"तुम्हाला जवळचं दिसत नाहीच," ती म्हणाली.

"अगदी."

"उद्या सांगते."

वडील दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांत एकटे राहत. वय चौऱ्याहत्तर. गुडघे गेलेले होते आणि आई गेल्यापासून, म्हणजे गेली दोन वर्षं, भिंतीवरचं कॅलेंडर कधी पुढे सरके, कधी नाही. आत्ता ते दोन महिने मागे होतं. ती आली तेव्हा ते पाव आणायला खाली निघालेच होते. त्यांनी खुंटीवरचा कोट घेतला, एका हाताने उजवा खिसा चाचपला आणि मग कोट अंगात घातला. ही त्यांची जुनी सवय. ती लहानपणी त्याची नक्कल करून हशा मिळवायची.

"पाव मी आणलाय," ती म्हणाली. "बसा."

"आज मंगळवार ना?"

"गुरुवार."

"मघाशी दूधवाल्याला मी आज मंगळवार म्हणून सांगितलं. त्याने मान्यही केलं," ते म्हणाले आणि कोट काढून पुन्हा खुंटीवर लावला. "पुस्तक झालं का?"

"एक शंका आहे. हायडन वादकांना लवंगा द्यायचा, ते तुम्ही कुठे वाचलंत?"

ते खुर्चीत बसता बसता थांबले. मग बसले.

"कुठेच नाही," ते म्हणाले. किती वाजले ते सांगावं तसं.

घरून निघताना तिने या प्रसंगाची बरीच तयारी केली होती. ते नाकबूल करतील, विसरलो म्हणतील, ओरडतीलसुद्धा, असं धरून प्रत्येकाला एकेक उत्तर तयार होतं. याला नव्हतं. तिने बॅगेतून नऊ पानं काढून त्यांच्या मांडीवर ठेवली.

त्यांनी चष्मा लावला. पहिली ओळ होती, 'टिपण एक, पान तीन, ओळ अकरा. असं घडलं नव्हतं.' त्यांचं बोट ओळीखाली सरकत गेलं आणि शेवटच्या शब्दावर थांबलं.

"हे कुणी लिहिलं?"

"मी. शुद्धिपत्र आहे."

"असं घडलं नव्हतं. हे शब्द तुला कुणी दिले?"

"शब्द काय द्यायचे? घडलं नव्हतं तर आणखी काय लिहिणार?"

ते उठले. गुडघ्यांवर हात रोवून, टप्प्याटप्प्याने. कपाटाच्या खालच्या कप्प्यातून बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला आणि टेबलावर तिच्यासमोर ठेवला. "उघड."

आत कोट ठेवल्याच्या पावत्या होत्या. बोटभर लांबीच्या, पिवळट, सभागृहाच्या खिडकीवर मिळतात तशा. तिने वरची एक उलटली. मागे पेन्सिलीने लिहिलं होतं, 'पान तीन, ओळ सात. असं घडलं नव्हतं.' अक्षर तिला ओळखू यायला वेळ लागला नाही. किराणा सामानाच्या यादीवरचं, शाळेच्या डब्यावरच्या नावाचं, बाटल्यांवर चिकटवलेल्या चिठ्ठ्यांवरचं. तिने दुसरी उलटली, तिसरी उलटली.

"आईला संगीतातलं कळायचं नाही," ती शेवटी म्हणाली. ते तिचं तिलाच हास्यास्पद वाटलं.

"दारं बंद झाली की दोन तास तिच्याकडे कोट, छत्र्या आणि तळमजल्याचं वाचनालय. कोशाचे अकरा खंड खिडकीवर बसून वाचले तिने. मी चार वाचलेत." त्यांनी चष्मा काढून पुसला. "पहिल्या टिपणात मी खरंच चुकलो होतो. कार्यक्रम संपल्यावर कोट घेतला, खिशात चिठ्ठी. मी घरी आल्यावर म्हटलं, तुला काय कळतंय त्यातलं. तर म्हणाली, पुढचं लिहा, मग बघू."

"मग?"

"मग पुढच्यात मुद्दाम घातली एक. सापडते का बघायला. सापडली. अगं, मी दिवसभर शाळेत, ती संध्याकाळभर खिडकीवर, मधे तू. आम्हाला बोलायला वेळ कुठे होता? हेच आमचं बोलणं."

ती पावत्या मोजत होती. मोजायचं असं ठरवलं नव्हतं. बोटांनीच सुरुवात केली होती. दहा-दहाचे गठ्ठे झाले. सहा.

"साठ आहेत," ती म्हणाली.

"साठच."

"एकसष्टावी?"

त्यांनी डब्याच्या तळाशी हात घातला आणि एक पुस्तिका काढली. त्या वेळी चळतीत न सापडलेली तीच. उभी दुमडलेली, कोटाच्या खिशात मावेल अशी, आणि पान चार वर येईल अशी. तिच्यावर कुणी काही लिहिलेलं नव्हतं, खूणही केलेली नव्हती.

"त्या रविवारी कोट घेतला तेव्हा खिशात चिठ्ठी नव्हती. हे होतं."

तिने पुस्तिका हातात घेतली नाही. खिडकी सभागृहाच्या दाराला लागूनच होती. आतलं हसू बाहेर स्पष्ट ऐकू येत असणार. आणि 'मला आठवत नाही' हेसुद्धा.

"म्हणजे तुम्हाला आठवत होतं."

"चिटणिसांना तू ओळखतेस. पान चार बघायला पुस्तिका उघडली असती तर त्यांनी पान एकपासून वाचायला घेतली असती. दोनवर लवंग होती. तिथे बसूनच त्यांनी विचारलं असतं, टिपणकार, याला आधार काय?"

"लवंगेसाठी," ती म्हणाली.

"लवंगेसाठी. मी मनात गुणांची बेरीज केली होती. मला वाटलं, दोन गेले तरी तू पहिलीच राहतेस. माझी बेरीज चुकली."

ती उठली आणि खिडकीशी जाऊन उभी राहिली. खाली एक माणूस सायकलला कुलूप लावत होता. त्याला जमत नव्हतं. तिने त्याचं कुलूप लागेपर्यंत वाट पाहिली.

"आई मला कधी काही बोलली नाही," ती तिकडेच पाहत म्हणाली.

"मलाही नाही. सगळं बोलायची, दूध, लाइटचं बिल, तुझी फी. भांडायचीसुद्धा, मनापासून. पण त्यानंतर चिठ्ठी नाही. एकही नाही."

"तरी तुम्ही थापा घालत राहिलात."

"एकशे बावन्न." त्यांना आकडा शोधावा लागला नाही. "वाटायचं, आज असेल. कधीतरी तिचा राग जाईल. ती कोट हातात द्यायची, मी खिसा बघायचो. तिलाही दिसत होतं मी बघतोय ते."

तिची नजर खुंटीवरच्या कोटाकडे गेली आणि तिथून पटकन परत आली.

"शेवटच्यात मला काही सापडलं नाही," ती म्हणाली.

"त्यात नाहीच. ती गेल्यावर आठ दिवसांनी लिहिलं ते. कोणासाठी घालू?"

त्यांनी नऊ पानं पुन्हा उचलली आणि आता पहिल्यापासून वाचायला लागले, एकेक ओळ, ओठ हलवत. बासष्टपासून पुढे त्यांचा वेग कमी झाला. एका ओळीवर ते मधेच म्हणाले, "ही हिरव्या शाईची मला वाटलं होतं कुणालाच सापडणार नाही." त्यांच्या आवाजात लाज होती, आणि काहीतरी आणखीही होतं, जे तिला तिथे नको होतं.

"ती यादी पुस्तकात जाणार आहे," ती म्हणाली. "शेवटी. जशीच्या तशी."

"जाऊ दे."

"तुम्ही मंचावर बसलेले असाल. लोक हातात पुस्तक घेऊन हसतील."

"हसू दे. मागे एकदा हसलेत, चुकीच्या माणसाला."

ती टेबलाशी परत आली. बॅगेतून तिने एकसष्टाव्या टिपणाचं मुद्रित काढलं. पान चार, ओळ नऊ, वर लाल रेघ, मधे कागद फाटलेला, समास कोरा. ते तिने त्यांच्यासमोर सरळ करून ठेवलं आणि शेजारी निळी पेन्सिल ठेवली. छापखान्याचा नियम तिने त्यांना समजावून सांगितला, कुठल्याही लेखकाला सांगायची त्याच आवाजात. कापलं मी आहे, परत ठेवायचं तर लेखकाने ठेवायचं, अमुक लिहायचं, तमुक सही.

त्यांनी वाक्य वाचलं. फाटलेल्या जागेवरून अंगठा फिरवला.

"हे तू कापलंस?"

"मला ते खोटं वाटत होतं. चोवीस वर्षं."

त्यांनी निळी पेन्सिल घेतली आणि ओळीखाली टिंबं द्यायला लागले, प्रत्येक शब्दाखाली सारखी, मास्तर फळ्यावर देतात तशी. 'थडग्यात'खाली चार. 'दोन'खाली दोन. 'कवट्या'खाली पेन्सिल क्षणभर थांबली, मग पुढे गेली. समासात त्यांनी लिहिलं, 'राहू द्यावे.' त्याखाली स्वतःचं पूर्ण नाव. एकतीस वर्षांत एकाही टिपणाखाली त्यांनी ते लिहिलं नव्हतं, त्यामुळे अक्षरं जरा दाटीने बसली.

आता तारीख विचारतील, असं वाटून ती सांगायला तयार झाली. लेखक हमखास तारखेपाशी अडतात, आणि यांना तर गुरुवार की मंगळवार हेही कळत नव्हतं.

त्यांनी विचारलं नाही. कॅलेंडरकडेही पाहिलं नाही. न थांबता त्यांनी दिवस लिहिला, महिना लिहिला, साल लिहिलं, आणि कागद तिच्याकडे सरकवला.

तिने तारीख वाचली. चोवीस वर्षांपूर्वीच्या त्या रविवारची होती. छापखान्यात ती चालणार नव्हती. मालकांना ती दुसऱ्या टोकावरूनसुद्धा दिसली असती.

वाचता वाचता तिने सवयीने लाल पेन्सिल हातात घेतली होती. तिने ती टोपण लावून बॅगेत ठेवली, आणि पान तसंच घडी न करता फाइलमध्ये घातलं.